मायची जहाजाची परीक्षा

अकोल्याच्या आमच्या घरी, भरदुपारी, पुरुष माणसं तक्क्यांना टेकून बसली आणि त्यांनी माझ्या मायची परीक्षा घेतली. कशाची? तर जहाजाची डावी बाजू कोणती आणि उजवी कोणती, याची. अकोल्यात! जिथं उन्हाळ्यात मोर्णेला घोटा बुडेल एवढं पाणी नसतं, तिथं.

ऐकणारे हसतात. "काय गंमत हो बाई," म्हणतात. गंमत नव्हती ती. माझ्या बहिणीचं बाळंतपण टांगणीला लागलं होतं आणि हे लोक पान चघळत माझ्या मायला जहाज विचारत होते. इतकी वर्षं झाली, तरी ती बैठक आठवली की तळपायाची आग मस्तकात जाते. म्हणे वय झालं की राग निवतो. कोणाचा निवत असेल तो निवो.

तेव्हा विदर्भ नुकताच मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात आला होता. वडील मी लहान असतानाच गेलेले. आम्ही दोघी बहिणी. थोरली लग्न होऊन आफ्रिकेत मोंबासाला गेली, जावई तिकडे एका कचेरीत कारकून. तिचं पहिलं बाळंतपण तिथंच झालं. जवळ आपलं माणूस नाही, दुखतं कुठं ते आपल्या भाषेत सांगावं असं कोणी नाही. बाळ जन्मलं आणि गेलं. दुसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा तिनं लिहिलं, "माय, या खेपेला तू ये. मला भीती वाटते." भीती वाटते म्हणणाऱ्यातली नव्हती ती. विंचू दिसला की आम्ही पलंगावर चढायचो आणि ती चप्पल घेऊन पुढं व्हायची.

माय त्या दिवसापासून कामाला लागली. डिंक तळला, खारका कुटल्या, लाडू वळून डब्यात भरले. ओवा, शेपा, हाळीव, जुन्या लुगड्यांची दुपटी, सगळं बांधून ठेवलं. जावयानं तिकीट पाठवलं. मायचा भाऊ, म्हणजे माझा मामा, धामणगावला धान्याच्या अडतीत कामाला होता. त्यानं पासपोर्टाचं, सुया टोचून घ्यायचं, सगळं निस्तरलं. संक्रांतीनंतरचं जहाज होतं. बहिणीला सातवा संपता संपता माय तिच्याजवळ पोचली असती. आता फक्त मोठेबाबांचा होकार राहिला होता.

मोठेबाबा म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. घर त्यांचं, वावरं त्यांच्या हातात, शब्द त्यांचा. ते वाईट नव्हते असं नातेवाईक मला अजून समजावतात. नसतील. आम्हाला खाण्यापिण्याला कमी केलं नाही, मला मॅट्रिक होऊ दिलं, मास्तरणीच्या ट्रेनिंगलाही बसवलं. पण घरातल्या बाईनं काही मागितलं की आधी तिला हसायचं आणि मग नाही म्हणायचं, ही त्यांची रीत. माय त्यांच्याशी कधी बोलली नाही. थोरल्या दिराशी बोलायचं नसतं. काही सांगायचं असलं की ती दाराआड उभी राहून मला सांगायची, आणि मी दोन पावलं बैठकीत जाऊन तेच मोठेबाबांना सांगायची. त्यांनी पहिल्यांदाच सगळं ऐकलेलं असायचं. तरी मी पुन्हा सांगेपर्यंत ते छताकडं बघत बसायचे.

त्यांचे एक स्नेही होते, वकील, विलायतेला जाऊन आलेले. एका दुपारी ते आले आणि मोठेबाबांनी मायच्या जाण्याचा विषय काढला. झालं, वकीलसाहेबांनी अक्कल पाजळली. जहाजावर म्हणे डावं-उजवं चालत नाही. डाव्या अंगाला पोर्ट म्हणायचं, उजव्या अंगाला स्टारबोर्ड. पुढचं टोक बो, मागचं टोक स्टर्न. जहाज बुडायला लागून भोंगा झाला की ज्याची नाव ज्या बाजूला टांगलेली असेल तिकडे धावायचं. भलत्या बाजूला धावलात की संपलात. "बायाबापड्यांचं काम नव्हे ते," असं म्हणून त्यांनी पान तोंडात घातलं.

मोठेबाबांना तेच पाहिजे होतं. "पाय बरं!" ते म्हणाले. "अन् आमची ही निंगाली एकटी समुद्रात. किराण्याच्या दुकानात जायले पोट्टं लागते तिच्या संगं!" मग माझ्याकडं बघून, पण दाराआड ऐकू जाईल अशा आवाजात, "सांग तुह्या मायले, हे पोर्ट-बिर्ट शिक म्हना. वकीलसाहेब पुढच्या हप्त्यात येतीन. त्यायनं इचारलं अन् तिनं बराबर सांगतलं, तर जाय म्हना. नाई तर तिकीट वापस."

थट्टाच केली होती त्यांनी. पण चारचौघांत त्यांच्या तोंडून निघालं की आमच्या घरात तो कायदा व्हायचा. आणि मीही त्यांचीच पुतणी. म्हटलं, बरं बाप्पा, शिकवते मी. बघतेच कोण हसतं ते.

दुसऱ्या दिवशी मी आंगणात चुन्यानं जहाज आखलं. विहिरीकडं बो, न्हाणीकडं स्टर्न, दोन्ही अंगांना नावा म्हणून उपड्या टोपल्या. आंगण उत्तर-दक्षिण लांब, विहीर उत्तरेला, म्हणून जहाजही तसंच. माय स्वयंपाक उरकून, पदर खोचून त्या रेघांच्या आत उभी राहायची आणि मी ताटावर पळी बडवून ओरडायची, "माय, पोर्ट!" की माय धावायची. "माय, स्टर्न!" की न्हाणीकडं. चुन्यानं तिचे पाय पांढरे व्हायचे. शेजारच्या उर्दू शाळेतल्या मास्तरांची बायको, आम्ही तिला चाची म्हणायचो, भिंतीवरून बघत राहायची. एक दिवस तिनं विचारलंच. मी सांगितलं. चाचीनं कपाळाला हात लावला. "या अल्ला! मेरी सास गई थी ना हज को, जहाज में. आधी अंधी थी बुढ्ढी. उसको तो किसी ने कुछ नहीं पूछा!"

मी ते जाऊन मोठेबाबांना सांगितलं. ते म्हणाले, "थे लोक टोळीनं जातात. थ्याईचं आपल्याले नोको सांगू."

आता एक गोष्ट वऱ्हाडाबाहेरच्यांना सांगावी लागेल. आमच्या घरात डावं-उजवं कोणी बोलायचंच नाही. वावराचा उगवतीचा धुरा, म्हणजे बांध, मावळतीचा धुरा. घरातही तेच. "जातं उलीसं मावळतीकडं सरकव." "तिखटाचा डबा उत्तरेच्या कोनाड्यात हाय." पंगतीत वाढताना, "उगवतीच्या पाव्हण्याले वरण वाढ." मायला झोपेतून उठवून विचारलं तरी उगवती बिनचूक सांगायची. आणि डावा हात कोणता विचारलं, तर घास कुठल्या हातानं घेतो ते आठवून मग सांगायची.

मी तिला म्हटलं, "माय, तोंड विहिरीकडं केलं की डाव्या हाताले पोर्ट. पण तू न्हाणीकडं तोंड फिरवलं, तरी पोर्ट तिथंच राहते. हात बदलते, पोर्ट बदलत नाई."

माय थांबली. इकडं तोंड करून पाहिलं, तिकडं तोंड करून पाहिलं. मग म्हणाली, "मंग थे हाताचं काम नाई. आपण फिरलो तरी थे फिरत नाई, म्हनजे दिशाच झाली न वो. मावळती."

आणि खरंच, आंगणातल्या जहाजात पोर्ट मावळतीलाच होतं. त्यानंतर ती एकदाही चुकली नाही. मी वाट्टेल तिथून ओरडावं आणि तिनं धडाधड धावावं. मला वाटलं, जिंकलो आपण. पुढं काहींनी मला ऐकवलं की शिकवण्यातच तुझं चुकलं. मी नाही लावून घेत. जन्मभर मुलींचे पेपर तपासले आहेत मी. कधी कधी पेपर काढणाराच नालायक असतो.

परीक्षेच्या दिवशी बैठक भरलेली. वकील, मोठेबाबा आणि तमाशा बघायला आलेले गल्लीतले दोन-तीन रिकामटेकडे. माय दाराच्या चौकटीत उभी, पदर नाकापर्यंत. त्या लोकांपुढं ती आयुष्यात पहिल्यांदा उभी राहिली होती. बो सांगितलं, स्टर्न सांगितलं, डेक म्हणजे काय ते सांगितलं. सगळं मला हळूच सांगायची आणि मी मोठ्यानं. वकिलांचा चेहरा जरा उतरलाच. मग त्यांनी एक पाट मागवला आणि सतरंजीवर ठेवला. त्याचं एक टोक रस्त्याच्या दाराकडं केलं. "हं वहिनी. हे तुमचं जहाज. हा दाराकडे बो. आता पोर्ट दाखवा पाहू."

रस्त्याचं दार दक्षिणेला होतं. मायनं पदराखालून हात काढला आणि जराही न अडखळता मावळतीच्या खिडकीकडं बोट दाखवलं.

"ते स्टारबोर्ड!" वकील जवळजवळ ओरडलेच. "अहो वहिनी, जहाज वळलं म्हणजे पोर्टही वळणार! सूर्य काय जहाजाला बांधलेला असतो?"

हसले. सगळे हसले. एकजण तर मांडीवर थाप मारून हसला. मागच्या आठवड्यापर्यंत वकील सोडला तर यांच्यातल्या कोणालाही पोर्ट हा शब्द माहीत नव्हता, आणि आता माझ्या मायला हसत होते! मायचा हात अजून खिडकीकडंच होता. तो खाली घ्यायचं तिला सुचलं नाही.

माझं डोकं सरकलं. मी म्हटलं, "मोठेबाबा, तुमी सांगा बरं. स्टर्नकडं तोंड करून उभं राह्यलं, तर पोर्ट कोन्या हाताले येते?"

मोठेबाबा वकिलांकडं बघायला लागले. मग भानावर येऊन माझ्यावर खेकसले, "शाळा शिकून लय तोंड फुटलं तुले! जाय अंदर." आणि चौकटीकडं न बघता म्हणाले, "पाह्यलं न सगळ्यायनं? मी काय मनाई करून राहिलो काय? तिच्याच जिवाची काळजी हाय मले."

काळजी! या शब्दाची मला तेव्हापासून शिसारी आहे.

तिकीट परत गेलं. जहाज मायशिवाय सुटलं. माय आंगण झाडायची, चुना जायचा नाही, ती पुन्हा झाडायची. आठवडे गेले. मग जावयाचं पत्र आलं, पाय फार सुजलेत, डॉक्टर उठू देत नाही, सारखी मायचं नाव घेते. मी वाचून दाखवलं. माय पोळीचा उंडा करत होती, तो करत राहिली.

दुसऱ्या दिवशी ट्रेनिंगवरून घरी आले तर चूल थंड. मोठीआई, म्हणजे मोठेबाबांची बायको, ओट्यावर बसून डोळे पुसत होती. "गेली तुही माय," ती म्हणाली. "लाडवाचा डबा घेतला अन् बैठकीत गेली. यायच्या समोर उभी राह्यली. म्हने, माह्यी लेक मरून राहिली, अन् मी येथं पाट फिरवून पाहू काय? अन् निंगाली. मांगं बी नाई पाह्यलं."

किराण्याच्या दुकानात जायला पोट्टं लागणारी माझी माय एकटी स्टेशनवर चालत गेली, तिकीट काढलं आणि धामणगावला भावाच्या दारात उभी राहिली. मी त्या दिवशी जेवले नाही. आनंदानं की रागानं, मला सांगता येणार नाही. ज्या बाईला हे जमतं तिला आपण आंगणात टोपल्यांमागं धावडवलं, या विचारानं दातओठ खात होते.

मामानं जावयाला तार केली, पुन्हा तिकीट झालं. पण पुढचं जहाज लगेच नव्हतं. तोवर माय धामणगावात बसून राहिली. मामाचं घर रुळांजवळ होतं. मामी सांगायची, गाडी गेली की ही उठून दारात जायची.

मामा आणि मी तिला पोचवायला मुंबईला गेलो. घंटा होईपर्यंत आम्हाला जहाजावर जाऊ दिलं. आणि तिथं मी काय पाहिलं? प्रत्येक वळणावर भिंतीवर बाण रंगवलेले. एका अंगाला लाल पट्टा, दुसऱ्या अंगाला हिरवा. प्रत्येक जिन्याशी निळ्या कपड्यातला एक खलाशी उभा, "इधर से माई, सँभल के माई." काठेवाडकडच्या म्हाताऱ्या, तोंडात दात नाही, डोक्यावर बोचकी, आपलं आंगण असल्यासारख्या डेकवर वळकट्या पसरत होत्या. मी एका खलाशाला विचारलं, भोंगा झाला तर यांना पोर्ट-स्टारबोर्ड कसं कळायचं? तो माझ्याकडं बघतच राहिला. "इन को क्या करना है बहेनजी? भोंगा होगा तो हम आ के ले जाएँगे."

येऊन नेणार होते! एवढंच होतं ते! मी कठड्यावर मूठ आपटली, इतक्या जोरात की मामा दचकला. त्या वकिलाला हे माहीत नव्हतं? माहीत होतं. जहाजातून जाऊन आला होता तो. तरी पाट फिरवत बसला.

माय मात्र खुशीत होती. निजायची जागा चाचपून पाहिली, लाडवाचा डबा उशाशी ठेवला आणि खलाशाला विचारलं, उगवती कोणीकडं, म्हणजे डोकं तिकडं करून निजते. तो हसून म्हणाला, सुबह इधर, शाम को उधर. मायही हसली. "मंग कसंबी निजतो," म्हणाली. किती दिवसांनी हसली होती.

जहाज सुटून आठवडा झाला नसेल, तोच अकोल्याला तार आली. मुलगी झाली. बहीण गेली.

आणि माय समुद्रात होती. आम्हाला सगळ्यांना माहीत होतं, अकोल्यातल्या त्या रिकामटेकड्यांनाही माहीत होतं, आणि जिची लेक तिलाच माहीत नव्हतं. ती रोज लाडवाचा डबा उघडून बुरशी तर धरली नाही ना बघत असणार. कोणा काठेवाडी म्हातारीला आपल्या लेकीचं कौतुक सांगत असणार. जावयानं जहाजावर बिनतारी संदेश पाठवला नाही. बरोबर केलं की चूक, ते मला आजवर ठरवता आलं नाही.

माय असती तर बहीण वाचलीच असती असं मी म्हणत नाही. माय काही डॉक्टर नव्हती. पण पहिल्या जहाजानं गेली असती तर तिचा हात धरायला असती. भीती वाटते, असं लिहिलं होतं तिनं.

मोठेबाबा बैठकीत बसून रडले. खरंच रडले, खोटं नाही म्हणणार. लोक येऊन त्यांना धीर देत होते. मी पुढं गेले आणि म्हटलं, पहिल्या जहाजानं गेली असती माय तर? ते म्हणाले, "मरण कोनाच्या हाती असते काय, बाई?"

"मरण नसन," मी म्हटलं. "जहाज होतं तुमच्या हाती."

त्यांनी हात उगारला. मोठीआईनं तो धरला. त्याच उन्हाळ्यात मी अमरावतीला मुलींच्या शाळेत नोकरी धरली आणि एक खोली घेतली.

पोर बसायला लागेपर्यंत माय मोंबासाला राहिली. जावई दिवसभर कामावर, पोरीला बघायला कोणी नाही, तेव्हा तिला मायनंच वाढवायचं असं ठरलं. मी मुंबईला आणायला गेले. माय पोरीला खांद्यावर टाकून शिडीवरून उतरली. निम्मी झाली होती. मला वाटलं गळ्यात पडून रडेल. तिनं विचारलं, "तिकीट कुठलं काढलं?"

"अकोल्याचं."

"बडनेऱ्याचं काढ," ती म्हणाली.

बडनेरा म्हणजे अमरावती, माझी खोली. मी तिकिटं बदलून आणली.

गाडी अकोल्याला लागली. फलाटावर मोठेबाबा, मोठीआई, सामान उतरवायला दोन गडी. मोठीआईच्या हातात बाळावरून ओवाळून टाकायला भाकरीचा तुकडा होता. मोठेबाबा डबे बघत बघत आमच्या खिडकीशी आले. पोरीला पाहिलं. माझ्या बहिणीचंच नाक होतं तिचं. त्यांनी दोन्ही हात खिडकीतून आत केले.

"द्या तिले माह्याजवळ," ते म्हणाले. "उतरा लवकर, गाडी थांबत नाई जास्त."

मायच्या डोक्यावर पदर नव्हता. ती सरळ त्यांच्या डोळ्यांत बघत होती.

"नाई देत," ती म्हणाली.

"काय म्हनलं?"

"तुमच्या हातात नाई देत मी हे पोर."

ओरडली नाही. शेजारच्या बाकावरच्या माणसालाही ऐकू गेलं नसेल. मोठेबाबांचे हात तसेच राहिले. मोठीआई मागून काय झालं, काय झालं विचारत होती. शिटी झाली, गाडी हलली, आणि ते हात तसेच पुढं धरून खिडकीबरोबर चालायला लागले. मग हात खिडकीतून सुटले.

मायनं पोरीला छातीशी घेतलं आणि मला म्हणाली, "खिडकी लाव." मी लावली.